बंद गाडी पडलीय, मी नाही

“बंद गाडी पडलीय, मी नाही!”

हे वाक्य बाई कुणालाही ऐकवायच्या. रस्त्याच्या कडेला मोटरसायकल लावून त्या किकवर किक मारत असल्या आणि एखादा सज्जन स्कूटर थांबवून “काही मदत हवी का वहिनी?” म्हणाला, की मान वर न करता त्याला हे मिळायचं. सज्जन मुकाट पुढे जायचा. आता तुम्ही म्हणाल, मदतीला आलेल्या माणसाशी असं बोलावं का? पण त्यात मदत किती असायची, आणि बाईमाणूस मोटरसायकलवर बसतं तरी कसं हे जवळून बघायची हौस किती असायची, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

मी सांगतोय ते नव्वदच्या दशकातलं नाशिक. आमच्या इंदिरानगरात तेव्हा घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते. कॉलेजच्या मुली मोपेड चालवायला लागल्या होत्या. पण गिअरची, किकची, गुडघ्यांत टाकी धरून चालवायची मोटरसायकल दामटणारी बाई साऱ्या भागात एकच, आणि ती आमच्या शेजारी. शाळेत शिकवायच्या म्हणून गल्ली त्यांना नुसतंच ‘बाई’ म्हणायची.

गाडी त्यांच्या नवऱ्याची होती. तेही मास्तर. दोघांच्या शाळा पेठच्या बाजूला, डोंगरात. ते बाईंना त्यांच्या पाड्यावर सोडायचे आणि पुढच्या गावाला जायचे. एका उन्हाळ्यात कावीळ झाली आणि पंधरवड्यात मास्तर गेले. जून उजाडला, शाळा उघडली, आणि बाईंनी अंगणातली गाडी ढकलत समोरच्या रिकाम्या प्लॉटवर नेली. आठवडाभर त्या तिथं पडत होत्या. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांना तेव्हा डोळे फुटले होते. पुढच्या सोमवारी सकाळी त्या गल्लीतून सरळ बाहेर पडल्या, आणि कोपऱ्यावर वळताना त्यांनी हॉर्नसुद्धा वाजवला.

त्यांचा पोशाख सांगितल्याशिवाय चित्र पुरं व्हायचं नाही. शिक्षिकांनी साडीच नेसायची, असा तेव्हा दंडक. बाईंनी तो पाळला. आत मास्तरांची फुल पँट, वर साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्याला मफलर. शाळेपाशी पोचल्या की खोचा सोडायचा, साडी खाली, बाई वर्गात. एकदा कुणा साहेबांनी विचारलं म्हणे, “हे काय, मॅडम?” त्यावर बाई म्हणाल्या, “नियमात साडीच्या आत काय असावं ते लिहिलेलं नाही, साहेब.”

आणि हातात काचेच्या हिरव्या बांगड्या. त्या उतरवायला बाईंनी साफ नकार दिला होता. “माहेरी असल्यापासून घालतेय. लग्नात फक्त नव्या मिळाल्या,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यातल्या एका बांगडीला नेहमी एक सेफ्टी पिन लटकलेली असे. साडी नेसणाऱ्या निम्म्या बायकांच्या हातात ती असते, तेव्हा तिच्याकडे लक्ष जायचं काही कारण नव्हतं.

त्या पाड्याचं थोडं सांगतो. एसटी फाट्यावर पोचायची ती भर दुपारी. तिथून डोंगर चढून वर. पाड्यावर भात आणि नागली, ती पिकं निघाली की माणसं मजुरीला बाहेर पडायची. दसरा झाला की निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीचं काम सुरू होतं. पहाटेच पाड्याखाली टेम्पो येऊन उभा राहायचा आणि घरंच्या घरं त्यात चढायची. पोरंही. एकदा पोर टेम्पोत चढलं की ते होळीला परतणार, आणि परतलं की पुन्हा शाळेकडे फिरकणार नाही. म्हणून बाईंना टेम्पोच्या आधी पोचायचं असायचं. आईबापांशी त्या भांडायच्या, म्हाताऱ्यांच्या हातापाया पडायच्या आणि जमतील तेवढी पोरं मागे ठेवून घ्यायच्या. ती गाडी त्यांना हवी होती ती एवढ्याचसाठी. मास्तरांची आठवण वगैरे नंतर.

मास्तर गेल्यानंतरचा पहिला दसरा मला लख्ख आठवतो. एरवी गाडीची पूजा बाई करायच्या, पुढच्या दिव्यावर कुंकवाचं बोट टेकवायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. त्या वर्षी पंचवटीतून त्यांचे दीर आणि जाऊ सकाळीच आले. गाडी धुतली, हार घातला, आणि जाऊबाईंनी ताट उचललं. या घरात आता कुंकू लावण्याजोगी मीच, असं काही त्या बोलल्या नाहीत. पण ज्या हक्कानं ताट उचललं त्यात ते सगळं आलं. बाईंनी ते ताट त्यांच्या हातून काढून घेतलं आणि दाराशी उभ्या असलेल्या सासूबाईंपुढे धरलं.

“आई, तुमच्या लेकाची गाडी आहे. तुम्ही लावा.”

या सासूबाई देवळ्याकडच्या. गल्लीच्या आजी. त्यांचं कपाळ कित्येक वर्षं मोकळं होतं. त्या ताटाकडे बघत राहिल्या, मग आत गेल्या, आणि आल्या त्या हातात लाकडाची छोटी डबी घेऊन. त्यात मेण होतं. जुन्या बायका कुंकवाखाली मेण लावायच्या, म्हणजे कुंकू दिवसभर जागचं हलायचं नाही. ती डबी आजींनी इतकी वर्षं कुठं जपून ठेवली होती, देव जाणे. त्यांनी अंगठ्यानं मेण मळलं, टाकीच्या झाकणावर मधोमध दाबून बसवलं आणि वर ठसठशीत कुंकू लावलं.

“घाटात वारा लय ऱ्हातो,” त्या म्हणाल्या. “उडायला नको.”

जाऊबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दीर घड्याळाकडे बघत होते. बाईंनी वाकून आजींना नमस्कार केला, आणि मला, बाहेरच्या माणसाला, उगाचच भरून आलं.

दुसऱ्या दिवसापासून गाडी बंद पडायला लागली.

रोज नाही, आणि कुठंही नाही. शहरात फर्स्ट क्लास पळायची. गिरणाऱ्याचा फाटा मागे टाकायची. आणि सावळघाट लागला की एखाद्या वळणावर आचके द्यायची, घरघरायची आणि मरायची. बाई किक मारून मारून दमायच्या, मग ती अचानक सुरूही व्हायची. तोवर टेम्पो गेलेला असायचा. “आज दोन घरं गेली,” असं त्या संध्याकाळी गेटपाशी सांगायच्या आणि पायातली चप्पल न काढताच पायरीवर बसून राहायच्या.

नाक्यावरच्या मिस्त्रीनं प्लग बदलला. कार्बोरेटर खोलून साफ केला. पेट्रोलचा पाइप नवा घातला. दर वेळी टाकीचं झाकण उघडून आत डोकवायचा, लावायचा, एक चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, “एकदम मख्खन आहे, बाई.” शेवटी वैतागून म्हणाला, “दोष गाडीत नाही. चालवणाऱ्यात असंल.”

“बंद गाडी पडते, मी नाही,” बाई म्हणाल्या, आणि गाडी घेऊन घरी आल्या.

मग त्यांनी मला गाठलं. मी ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला, एवढंच गल्लीला माहीत होतं. मी तिथं कँटीनच्या हिशेबाला बसतो हे मी कितीदा तरी सांगितलं होतं, पण कुणाला ते ऐकायचंच नव्हतं. कुणाचा मिक्सर बिघडला तरी मला हाक. “काय ओझरवाले, विमानं उडवता आणि मोटरसायकल कळत नाही?” बाई म्हणाल्या. मी गंभीर चेहऱ्यानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि टायर दाबून बघितला.

गल्लीला मात्र दोष केव्हाच सापडला होता. मोकळ्या कपाळाच्या म्हातारीनं कुंकू लावलं, दुसरं काय होणार? हे तोंडावर कुणी बोललं नाही. पण भाजीच्या गाडीपाशी बोललं गेलं, दळणाच्या रांगेत बोललं गेलं, आणि ते आजींपर्यंत पोचलंच. आजी त्यानंतर संध्याकाळी अंगणात येईनाशा झाल्या. बाईंची गाडी आली की आतूनच विचारायच्या, “आज पडली का गं?” गाडी पडलेली असली तरी बाई “नाही” सांगायच्या. या ‘नाही’चा मी कित्येकदा साक्षीदार आहे.

दिवाळीच्या आधी दीर पुन्हा आले. वाईट माणूस नव्हता. वाईट माणसांशी भांडणं सोपं असतं. हे गृहस्थ काळजीनं बोलत होते.

“वहिनी, लोक काय वाट्टेल ते बोलतात. आईच्या जिवाला लागतंय. गाडी मी घेऊन जातो. तुम्ही शहरात बदली मागा, मी शब्द टाकतो.”

“आणि पाड्यावर कोण जाईल?”

“कुणीतरी जाईलच की.”

“कुणीतरी गेलं असतं तर मला जावं लागलं नसतं,” बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, “पाडव्यापर्यंत थांबा, भाऊजी. तोवर दोष सापडला नाही तर गाडी न्या. बदलीच्या अर्जावर सही करते.”

दीर गेल्यावर त्या मला म्हणाल्या, “बोलून तर बसले.” पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आलेला मी ऐकला. मी काहीतरी धीराचं बोललो असेन. काय ते आठवत नाही, तेव्हा विशेष नसावं.

त्यानंतर बाई गाडीच्या मागेच लागल्या. घाटात काय काय होतं ते वर्गातल्या द्वाड पोराबद्दल सांगावं तसं मला सांगायच्या. “एक गंमत आहे, ओझरवाले. मी टाकी भरून घेतली की ही लवकर बंद पडते. पेट्रोल कमी असलं की लांब जाते. उलटा कारभार! आणि दुसरं म्हणजे, दमले की मी झाकण उघडून पेट्रोल आहे का बघते. असतंच. झाकण लावते, किक मारते, की ही चालू.” मी मान डोलावली. आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या मात्र काडीइतकं आलं नाही.

उत्तर बाईंना सापडलं ते स्वयंपाकघरात. फराळासाठी तेलाचा नवा डबा आणला होता. बाईंनी खिळ्यानं कोपऱ्यात भोक पाडलं आणि डबा कढईवर तिरका केला. तेल थोडं आलं, भकभक झालं, थांबलं. आजी शेजारी परातीत चकल्यांचं पीठ मळत होत्या. हातातलं काम न थांबवता त्या म्हणाल्या, “दुसरं भोक पाड ना गं. वारा आत गेल्याशिवाय तेल बाहेर कसं येईन?”

बाईंनी खिळा उचलला आणि तो हातात तसाच राहिला.

हे मला बाईंनी दुसऱ्या दिवशी घाटात सांगितलं. कारण दुसऱ्या दिवशी रविवार होता, मला सुट्टी होती, आणि पहाटे त्या आमच्या दारात उभ्या होत्या. “ओझरवाले, चला. साक्षीदार हवा. मागं बसा.” आमच्या हिनं मला स्वेटर दिला आणि हसू दाबायला आत गेली. मोटरसायकलवर पुढे बाई आणि मागे पुरुष, अशी ती वरात इंदिरानगरातून निघाली. दूधवाला सायकलवरून पडता पडता वाचला. मी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला. बाईंनी मात्र वाटेत दिसेल त्याला मुद्दाम हॉर्न दिला.

निघताना बाईंनी टाकी काठोकाठ भरून घेतली होती. त्यामुळे घाटाच्या पहिल्याच चढाला गाडीनं आचके दिले आणि जीव सोडला. बाई खाली उतरल्या. मी इतका आनंदी चेहरा बंद पडलेल्या गाडीशेजारी पुन्हा कधी पाहिलेला नाही.

“झाकणाला हात लावायचा नाही हं,” त्या म्हणाल्या. त्यांनी कार्बोरेटरपाशी पेट्रोलचा पाइप काढला आणि पिशवीतून आणलेल्या काचेच्या बाटलीत सोडला. पेट्रोलचा कॉक चालूच होता. टाकी भरलेली, तरी पाइपातून चार थेंब पडले आणि बंद. “आता बघा.” त्यांनी किल्ली फिरवून झाकण उचललं. ‘सुस्स’ असा आवाज आला. टाकीनं हवा आत ओढली आणि बाटलीत पेट्रोलची धार लागली.

मग त्यांनी झाकण उजेडात धरलं. त्याच्या मधोमध हवा आत जायला एक बारीक भोक असतं. ते आजींच्या मेणानं पक्कं बुजलं होतं, वर कुंकू. पेट्रोल खाली जायचं, वरून हवा यायची नाही, आणि थोड्या वेळानं टाकी पेट्रोल सोडेनाशी व्हायची. भरलेल्या टाकीत हवेला जागाच कमी, म्हणून ती लवकर अडायची. मिस्त्री दर वेळी आत डोकावायला झाकण उघडायचा आणि दोष आपोआप नाहीसा व्हायचा.

बाई हसायला लागल्या. मोठ्यानं, घाटात घुमेल असं. हसता हसता त्या रस्त्याच्या कठड्यावर बसल्या आणि मग रडायला लागल्या. मास्तर गेले तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी दरीकडे बघत उभा राहिलो.

डोळे पुसून त्यांनी बांगडीतली पिन काढली, भोकातलं मेण टोकानं अलगद खरवडलं, फुंकर मारली. आजूबाजूचं कुंकू मात्र तसंच ठेवलं.

“हे कुणाला सांगायचं नाही, ओझरवाले. वहिनींनाही नाही.”

“अहो, पण सांगितलं तर लोकांची तोंडं बंद होतील. साधं मेण तर आहे.”

“लोकांना मेण ऐकू येणार नाही. आईंच्या हातानंच गाडी बंद पडली, एवढं बरोब्बर ऐकू येईल. आणि आईंना काय वाटेल? इतक्या वर्षांनी ती डबी उघडली त्यांनी.” त्यांनी पाइप जागेवर बसवला. “पुढच्या दसऱ्यालाही त्याच लावतील. तिथंच लावतील. मी बघते काय करायचं ते. शपथ घ्या.”

मी घेतली. आज मोडतोय, पण ते का, हे पुढे येईलच.

गाडी एका किकमध्ये सुरू झाली. घाट कसा चढलो ते कळलंही नाही. आम्ही पाड्याखाली पोचलो तेव्हा टेम्पो उभा होता, भरलेला, इंजिन चालू. पिशव्या, भांडी, कोंबडी, माणसं, आणि फळीवरून बाहेर डोकावणारी पोरांची डोकी. बाईंनी वेग कमी न करता गाडी नेली आणि त्या अरुंद रस्त्यात टेम्पोच्या नाकासमोर आडवी उभी केली. मला म्हणाल्या, “उतरा.”

ड्रायव्हर ओरडला, “ओ मॅडम, गाडी काढा ना! उशीर होतोय.”

बाईंनी चावी फिरवून काढली, पिशवीत टाकली आणि एक खोटी किक मारली.

“बंद पडलीय,” त्या म्हणाल्या. “काय करू? रोजचंच आहे हिचं.”

“ढकलू का आम्ही?”

“हात लावून तर बघा.”

मग साडीचा खोचा सोडून त्या टेम्पोच्या मागे गेल्या. तिथं जे झालं ते भांडण होतं, विनवणी होती, की बाजार होता, मला सांगता येणार नाही. एक बाप चिडून म्हणत होता, “पोरगी नाय तर धाकट्याला कोण सांभाळील?” बाई म्हणाल्या, “धाकट्यालाही ठेवा. शाळेत घेऊन बसते. मांडीवर घेऊन शिकवीन.” एक म्हातारी घराच्या ओट्यावरून मोठ्यानं म्हणाली, “ऱ्हाऊ दे रं तिला. मी हाय ना.” एक फळी खाली आली. एक पोरगी उतरली, मग तिच्या कडेवरचा भाऊ, मग आणखी. सगळी नाही उतरली. काही आया नजर चुकवून बसून राहिल्या आणि त्यांना बाई काही बोलल्या नाहीत. त्या परत आल्या, चावी लावली, आणि बंद पडलेली गाडी ड्रायव्हरच्या डोळ्यांदेखत पहिल्या किकला सुरू केली. ड्रायव्हरसुद्धा हसला.

पाडव्याला दीर आले. “सापडला का दोष?”

“सापडला. कार्बोरेटरमध्ये कचरा होता,” बाई म्हणाल्या. “विश्वास नसेल तर मागं बसा.” आणि फराळाच्या आधी त्यांना घाटापर्यंत नेऊन आणलं. परत आल्यावर ते बराच वेळ केसांवरून कंगवा फिरवत होते. गाडी नेण्याचा विषय त्यांनी काढला नाही. त्या संध्याकाळी आजी अंगणात येऊन बसल्या. “आज पडली का गं?” त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, “नाही.” या वेळी ते खरं होतं.

त्यानंतर दर दसऱ्याला मी खिडकीत उभा राहायचो. आजी डबी घेऊन यायच्या, झाकणावर मेण दाबायच्या, कुंकू लावायच्या. बाई नमस्कार करून निघायच्या. कोपऱ्यावर वळल्या की डेअरीच्या आडोशाला गाडी थांबायची; ती फक्त माझ्या वरच्या खिडकीतून दिसायची. तिथं त्या बांगडीतली पिन काढून भोक मोकळं करायच्या, खिडकीकडे बघून मला एक दटावणारं बोट दाखवायच्या आणि पुढे जायच्या.

गल्लीतली तरुण पोरं आपल्या बंद पडणाऱ्या गाड्या हळूहळू बाईंकडे आणायला लागली. बाई हात काळे करायच्या नाहीत, प्रश्न विचारायच्या. “भरल्या टाकीला लवकर पडते की रिकाम्या? पावसानंतर पडते का? वळणावर पडते की चढावर?” एकाला त्यांनी पेट्रोल बाटलीत काढून रात्रभर ठेवायला लावलं; सकाळी तळाशी पाणी बसलेलं दिसलं. नाक्यावरचा मिस्त्रीसुद्धा पुढे पुढे म्हणायचा, “आधी बाईंना दाखवून या.” बाईंचं त्यावर उत्तर ठरलेलं होतं, “फी म्हणून पाड्यावरच्या पोरांना वह्या आण.”

वर्षं गेली. रिकाम्या प्लॉटवर इमारती झाल्या. शहरातल्या शाळेत यायची संधी बाईंना दोनदा आली आणि दोनदा त्यांनी ती परत पाठवली. त्यांच्या हाताखालून गेलेली एक मुलगी नर्स होऊन जिल्हा रुग्णालयात लागली. बाई आजारी पडल्या तेव्हा तीच त्यांच्या उशाशी होती. दुखणं आतलं होतं, उशिरा कळलं. मी भेटायला गेलो तर हातात सुई, नाकात नळी, आणि तरी मला बघून म्हणाल्या, “काय ओझरवाले? बघा, आता मीच—” आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. मला ते पुरं ऐकायचं नव्हतं. त्यांनाही ते पुरं करायचं नसावं. श्रावणात त्या गेल्या. आजी मागे राहिल्या.

त्या वर्षीच्या दसऱ्याला मी खिडकीत जाणार नव्हतो, पण पाय गेलेच. दीर टेम्पो घेऊन आले होते. तेही आता पिकले होते. गाडीचे टायर बसले होते, आरसा तडकलेला. “भंगारातच जाईल,” ते ड्रायव्हरला सांगत होते. तेवढ्यात आजी दारातून बाहेर आल्या. कमरेत वाकलेल्या, एका हातात काठी, दुसऱ्यात डबी. मी धावत खाली गेलो.

आजींनी मेण मळलं. झाकणावर दाबलं. कुंकू लावलं. आणि मग डाव्या मनगटावरून एक पिन काढली. ज्या मनगटावर मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं, तिथं बाईंची एक हिरवी बांगडी होती. आजींनी पिन झाकणाच्या मधोमध टोचली, भोक मोकळं केलं आणि फुंकर मारली.

“आजी,” मी म्हणालो, “तुम्हाला माहीत होतं?”

“तेलाच्या डब्यापाशी खिळा धरून थिजली ना ती, तव्हाच कळलं मला.” त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. “दर दसऱ्याला सांजेला पिनेला मेण दिसायचं. तिला वाटायचं, म्हातारीला काय कळतंय. मी लावणं सोडलं असतं तर तिला समजलं असतं. मग मी लावायची, ती काढायची. चाललं होतं आमचं दोघींचं.”

शपथ आता कुणासाठी पाळायची, ते मला कळेना.

दीर पुढे आले. टाकीवर हात ठेवून समजुतीच्या सुरात म्हणाले, “आई, बघ ना तिच्याकडे. ही आता चालू व्हायची नाही. नेऊ दे मला.”

आजींनी त्यांचा हात टाकीवरून उचलून बाजूला केला. पिन पुन्हा बांगडीत अडकवली. इतकी वर्षं नाशकात काढूनही देवळ्याची बोली त्यांच्या तोंडून पुरती गेली नव्हती, आणि त्या दिवशी ती सगळीच्या सगळी परत आली.

“गाडी बंद पडेल शे,” त्या म्हणाल्या. “मी नही.”